आपोआप म्हणायचं नाही

परवा जेवता जेवता जावईबापू म्हणाले, "ऑफिसातली एक फाइल होती हो, आपोआप गायब झाली." वांग्याच्या भरताची तारीफ करता करता ते सहज बोलून गेले होते. मी हातातला घास ताटात ठेवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आपोआप म्हणजे कोणी?"

जावईबापू गोंधळले. बायकोने कपाळाला हात लावला आणि मुलीला म्हणाली, "घ्या. यांच्या अंगात भामरेबाई आल्या. आता भरीत गार होणार."

खरं तर मी मऊ माणूस आहे. एसटीत कोणी माझ्या पायावर पाय दिला तर मीच आधी माफी मागतो. अधूनमधून मला जो राग येतो तो मूळचा माझा नाही. तो भामरेबाईंचा आहे. नव्वदीच्या दशकात जळगावात तो त्यांच्याकडून माझ्याकडे आला आणि अजून परत गेलेला नाही.

मी तेव्हा पुण्याहून कॉम्प्युटरचा एक कोर्स करून गावी परतलो होतो आणि धंदा काढला होता. धंदा म्हणजे एक टेबल, एक फिरती खुर्ची आणि दारावर 'कन्सल्टंट' अशी पाटी. पाटीच्या मानाने खोली लहान होती, आणि खोलीच्या मानानेही ज्ञान लहानच होतं. केळी उत्पादकांच्या एका सहकारी संस्थेने कॉम्प्युटर घ्यायचे ठरवले आणि जळगावात दुसरा कोणी लवकर सापडला नाही म्हणून काम मला मिळालं. कोणाच्या बागेची कटाई कधी करायची, कोणता ट्रक कुठे पाठवायचा, हे त्या संस्थेत ठरायचं. घड तयार झाला की केळी कोणाची वाट बघत नाहीत. त्यामुळे कटाईचा नंबर ही तिथली सगळ्यात नाजूक गोष्ट. तो नंबर आता एका फाइलीत गेला, आणि ती फाइल सर्व्हरवरच्या 'एफ' ड्राइव्हमध्ये.

कर्मचाऱ्यांना मी तीन दिवस ट्रेनिंग दिलं. एफ ड्राइव्ह म्हणजे काय ते कोणाला कळेना. शेवटी मी हात पसरून म्हणालो, "एफ ड्राइव्ह म्हणजे गावचा पार समजा. तिथे ठेवलेली वस्तू सगळ्यांना दिसते, सगळ्यांना वापरता येते." स्वतःच्या उपमेवर मी इतका खूश झालो की दुसऱ्या दिवशीही तीच दिली. कोणाला काय उघडता यावं आणि काय पुसता यावं याचे अधिकार वेगवेगळे द्यायचे असतात, तेही मी दिले होते. पण पहिल्याच आठवड्यात 'मला उघडत नाही', 'मला दिसत नाही' अशा तक्रारींनी जीव नकोसा झाला. मग एके दिवशी मी सगळ्यांना सगळे अधिकार देऊन टाकले. शिपायालासुद्धा. वर 'लोकशाही' म्हणून हसलो.

एकच व्यक्ती हसली नाही. संस्थेच्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख, भामरेबाई.

उंच, काटकुळ्या, सुती साडी, साखळीला अडकवलेला चष्मा आणि खांद्याला काळी रेक्झिनची एवढी मोठी पर्स की तीत एखादं पोर झोपावं. पर्समध्ये फुटाणे असत. काही शोधायचं असलं की बाई एकेक फुटाणा तोंडात टाकत आणि चालत राहत. राग आला की माणसाचा आवाज चढतो. बाईंचा उतरायचा. जितका राग मोठा तितका आवाज बारीक. त्यामुळे त्यांची बोलणी खायला माणसाला पुढे वाकावं लागे. मी त्या काळात पुष्कळ वाकलो.

त्यांच्या विभागात एक शब्द उच्चारायला बंदी होती. 'आपोआप.' कोणी म्हणालं, "मॅडम, प्रिंटर आपोआप बंद पडला," की बाई त्याला दाराबाहेर उभं करायच्या. "आत यायचं तर माणसाचं नाव घेऊन यायचं. स्वतःचं असलं तरी चालेल."

त्यांचं बालपण दीपनगरच्या कॉलनीत गेलेलं. वडील वीजकेंद्रात बॉयलरवर. "वीज बनवणारा सेट बंद पडला," त्या सांगायच्या, "की का पडला हे लिहिल्याशिवाय माझ्या वडिलांची पाळी संपत नसे. मग घरी स्वयंपाक निवला तरी चालेल. आपोआप पडला असं त्यांनी एकदा लिहिलं असतं ना, तर दुसऱ्यांदा लिहायला ते उरले नसते."

माझी त्यांची पहिली खरी गाठ पडली ती अशीच वाकून. एके सकाळी सगळं नेटवर्क बंद. सोळा पडदे, सोळा जण हात चोळत बसलेले. मी सर्व्हर बंद केला, चालू केला, परत बंद केला. मग मॅनेजरसाहेबांना व्हायरसवर एक व्याख्यान दिलं. व्हायरसचं एक बरं असतं, तो उलटून बोलत नाही. बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"संपलं?" त्यांनी विचारलं. "मग वायरीबरोबर चला."

तेव्हाचं नेटवर्क म्हणजे एकच लांब काळी केबल. या टेबलावरून त्या टेबलावर अशी सगळ्या ऑफिसातून फिरलेली, आणि तिच्या दोन्ही टोकांना अंगठ्याच्या पेराएवढं एकेक चकचकीत धातूचं टोपण. त्याला आम्ही टर्मिनेटर म्हणायचो, बाकीचं ऑफिस टोपणच म्हणायचं. ते टोपण निघालं की सगळ्यांचं नेटवर्क बंद. बाईंनी पदर खोचला आणि केबलीचा हात धरल्यासारख्या टेबलांखालून, कपाटांमागून चालत निघाल्या. मागून मी, गुडघ्यांवर. शेवटच्या खोलीत टोक उघडं होतं. झाडू मारणाऱ्या सखूबाईंनी टोपण काढून नीट खिडकीत ठेवलं होतं. "तिले पुढे काईच जोडेल नही व्हतं," त्या म्हणाल्या. "मी म्हन्तं, उगाच कसाले."

बाई त्यांच्यावर रागावल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या. मी पुढे वाकलो.

"काय हो विद्वान. यांना सांगितलं होतं कोणी, की हे काढायचं नाही?"

"नाही."

"मग व्हायरसचं नाव काय लिहू? तुमचं की माझं?"

दुसरी गोष्ट धुळ्याची. तिथल्या शाखेत उन्हाळा लागला की फायली नाहीशा व्हायच्या. दुपारी असलेली फाइल संध्याकाळी नसायची. तिथल्या व्यवस्थापकांचं म्हणणं, धुळ्याची हवा कॉम्प्युटरला मानवत नाही. मीही मान डोलावली होती, कारण मला ती मानवत नव्हती. मे महिन्यात बाई मला घेऊन धुळ्याला गेल्या. सर्व्हरच्या खोलीत फुटाणे खात तासभर उभ्या राहिल्या, मग तिथून निघालेल्या एका वायरीबरोबर चालू लागल्या. वायर भिंतीतल्या भोकातून पलीकडे गेली, व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये, आणि थेट त्यांच्या कूलरला भिडली.

वीज गेली तर सर्व्हरला आधार म्हणून जो यूपीएस ठेवला होता, त्यावर साहेबांचा कूलर चालत होता. वीज गेली की कूलर सगळा करंट पिऊन टाकायचा, सर्व्हर लिहिता लिहिता धाडकन बंद व्हायचा, आणि जी फाइल उघडी असेल ती मोडायची. परत चालू करताना दुरुस्तीचा प्रोग्राम ती मोडकी फाइल उचलून टाकून द्यायचा.

"साहेब," बाई इतक्या बारीक आवाजात म्हणाल्या की साहेब खुर्चीतून अर्धे उठले, "हे कोणी जोडलं?"

"अहो, इथे बेचाळीस-बेचाळीस डिग्री होतं. माणसाने बसायचं कसं?"

"सर्व्हरलाही बसायचं असतं."

बाईंनी पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला, कूलरच्या वायरीचा तीन पायांचा प्लग सोडवला आणि पर्समध्ये टाकला. उघड्या तारांची दोन टोकं साहेबांच्या टेबलावर नीट चिकटपट्टी लावून ठेवली, शॉक लागू नये म्हणून. परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत फुटाणे खात राहिल्या. पारोळ्याला म्हणाल्या, "त्या शाखेतल्या दोन पोरांना मेमो दिले होते त्याने. फायली उडवता म्हणून. कूलरच्या गारव्यात बसून दिले."

मी हसत होतो. मला ती प्लगची गंमत वाटत होती. बाई हसल्या नाहीत. त्यांना गंमत करायची नव्हती, हे कळायला मला सुनंदाची वेळ यावी लागली.

सुनंदा त्यांच्या विभागात नोंदी टाइप करायची. रोजंदारीवर. पारोळ्याहून रोज एसटीने ये-जा. वडील तिथल्या बाजार समितीत हमाली करायचे. पोरगी कमी बोलायची, बोटं भराभर चालायची. बाई तिला कधी शाबासकी द्यायच्या नाहीत. आपले फुटाणे मात्र तिला एकटीलाच देत.

कटाईची फाइल एक-दोनदा गायब झाली होती. म्हणजे कोणी ऑफिस सुटल्यावर थांबून काम करायला गेलं तर फाइल नाही, आणि सकाळी बघावं तर आहे. मी म्हणालो, होतं असं नेटवर्कमध्ये. मग लग्नसराईत एकदा फाइल सकाळीही आली नाही. दुपारीही नाही. मी जुना बॅकअप चढवला. बॅकअप मी दर आठवड्याला घेतो असं माझ्या करारात होतं. आठवडा कधी संपला हे मात्र मीच ठरवायचो. त्यामुळे चढवलेली फाइल बरीच शिळी निघाली. तिच्या हिशेबाने ट्रक निघाले ते कापून झालेल्या बागांत गेले, आणि तयार बागा तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दारात शेतकरी उभे. घड पिवळे पडत होते आणि माणसं लाल.

बाई त्या दिवशी धुळ्याला होत्या. मॅनेजरना एक माणूस हवा होता आणि लगेच हवा होता. फाइलीत शेवटची नोंद सुनंदाने केली होती. त्यांनी तिला हॉलच्या मध्यभागी उभं केलं.

"कोणत्या व्यापाऱ्याने सांगितलं फाइल उडवायला?"

"साहेब, मी फक्त नोंदी केल्या."

"चोर कधी चोरी केली म्हणतो का?"

सगळं ऑफिस खाली माना घालून बसलं होतं. मलाही विचारण्यात आलं आणि मी पुन्हा व्हायरसवर बोलू लागलो. बोलता बोलता 'तसं कोणीही उडवू शकतं' असं वाक्य निघून गेलं. मॅनेजरना माझ्या सगळ्या भाषणातलं तेवढंच ऐकू आलं. सुनंदा डबा उचलून गेली. जाताना तिने खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली, ते मला अजून दिसतं.

बाई परत आल्या. मॅनेजर त्यांच्या वाक्याचाच दगड करून तयार होते.

"तुम्हीच म्हणता ना बाई, आपोआप काही होत नाही? मग. सापडलं माणूस."

"सापडलं नाही साहेब," बाई म्हणाल्या. आवाज जवळजवळ नव्हताच. "तुम्ही पकडलंत. सापडायचं अजून राहिलंय."

दुसऱ्या दिवशी कोणीही यायच्या आत त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. वॉचमनने दार उघडून दिलं. बाईंनी सुनंदाच्या खुर्चीवर बसून एफ ड्राइव्ह उघडला. कटाईची फाइल नव्हती. रात्रभर ऑफिसला कुलूप, आणि फाइल नाही. मी तोंड उघडलं. बाईंनी माझ्या तळहातावर फुटाणे ठेवले. "हे खा. बोलू नका."

थोड्या वेळाने मालपुरे नाना आले. नाना म्हणजे संस्थेतले सगळ्यात जुने कारकून. पांढरी टोपी, धोतर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. संस्था निघाली तेव्हापासून कटाईचं रजिस्टर त्यांच्या ताब्यात. रोज संध्याकाळी दप्तर लाल फडक्यात बांधून लोखंडी कपाटात ठेवायचं, किल्ली कमरेला लावायची आणि मगच घरी जायचं, हा त्यांचा नेम. ऑफिसात शेवटी निघणारे तेच आणि सकाळी पहिले येणारेही तेच. आम्ही कोपऱ्यात बसलेलो त्यांना दिसलो नाही. त्यांनी कपाट उघडलं. लाल फडकं काढलं. त्यातून एक फ्लॉपी निघाली. ती त्यांनी कपाळाला लावली, कॉम्प्युटरमध्ये घातली, आणि एका बोटाने, अक्षरं हुडकत हुडकत, माझ्या ट्रेनिंगमध्ये शिकलेली एकुलती एक आज्ञा टाइप केली.

बाईंच्या समोरच्या पडद्यावर कटाईची फाइल येऊन बसली.

नाना रोज संध्याकाळी फाइल एफ ड्राइव्हवरून उचलून फ्लॉपीत न्यायचे, कपाटात बंद करायचे आणि सकाळी पुन्हा ठेवायचे. कॉपी नाही. उचलूनच. त्या दिवशी एका लग्नाला गावी गेले तेव्हा किल्ली कमरेला होती आणि फाइल कपाटात. दुसऱ्या दिवशी उशिरा परतले तोवर ट्रक चुकीच्या बागांत जाऊन आले होते.

"नाना," बाईंनी हाक मारली. "काय करी राह्यनात तुम्ही?"

नाना दचकले. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "या साहेबांनीच सांगितलं होतं ना, एफ म्हणजे गावचा पार. सभासदांचं दप्तर रात्रभर पारावर टाकून घरी जायचं? मी जपलं बाई. हरवलं नाही."

मी फुटाणे गिळले. माझी उपमा कोणी इतकी मनावर घेईल असं मला वाटलं नव्हतं.

"ते मला समजलं," बाई म्हणाल्या. खरंच समजलं होतं. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "पण सुनंदाला इथे चोर म्हटलं तेव्हा तुम्ही या टेबलाशी बसला होतात. तेव्हा कळलं होतं ना?"

नानांनी टोपी काढली. पुन्हा घातली. "तेव्हापासून मी एक रजा घेतली नाही, बाई."

"मी काय विचारलं?"

"निवृत्तीला थोडकेच महिने राहिलेत. पोरगी तरणी आहे. तिला कुठेही लागेल नोकरी."

त्यानंतर बाई जे बोलल्या ते मला पुढे वाकूनही ऐकू आलं नाही. नानांना आलं असावं. ते खाली बसले.

मला वाटलं, संपलं. मॅनेजरना सांगायचं, सुनंदाला बोलवायचं. मॅनेजरनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "नानांचं नाव नको. सगळ्या सभासदांना त्यांच्याविषयी आदर आहे. आपण असं लिहू, तांत्रिक बिघाडामुळे फाइल आपोआप नाहीशी झाली."

"आणि सुनंदा?"

"ती काय, रोजंदारीची होती. होतीच कुठे ती नोकरीला?"

हमालाची पोरगी असली तर फाइल कोणीतरी नेलेली असते. टोपीवाले नाना असले की ती आपोआप जाते. हा हिशेब मला त्या केबिनमध्ये पहिल्यांदा लख्ख दिसला आणि माझ्या कानशिलांत काहीतरी तापलं. तो राग अजून तसाच आहे. सुरुवातीला म्हणालो ना, तोच.

रविवारी बाई नानांना घेऊन एसटीने पारोळ्याला गेल्या. मला का नेलं ते माहीत नाही. बहुधा नाना मध्येच एरंडोलला उतरून जाऊ नयेत म्हणून. मला मी खिडकीकडे बसेन म्हणायचीही हिंमत झाली नाही. किल्ल्याजवळच्या गल्लीत सुनंदाचं घर होतं. तिचे वडील ओसरीवर पाठ शेकत बसले होते. नानांनी उभ्या उभ्या, जमिनीकडे बघत सांगून टाकलं की फाइल पोरीने नाही, आपण नेली होती. बोलून झाल्यावर सुटल्यासारखे खाली बसले.

सुनंदाच्या वडिलांनी त्यांना पाण्याचा तांब्या दिला. मग म्हणाले, "आमनी पोर चोर नही शे, हाई माले ठाऊक शे, नाना. मन्हा घरात येईसन तुम्ही काय नवं सांगं? तुम्ही आठे सांगतस. तठे कोन सांगी?"

सुनंदा दारात उभी होती. तिने चहाचे कप ठेवले आणि म्हणाली, "नाना, मला हॉलमध्ये उभं करून म्हटलं होतं. तिथेच म्हणा. नाहीतर मला नोकरी पण नको." मग बाईंकडे वळून, "मॅडम, तुम्ही चहा घ्या."

"उद्या ये," बाई म्हणाल्या. "वडिलांना घेऊन ये."

सोमवारी नानांनी रजेचा अर्ज पाठवला. ताप. सुनंदा आणि तिचे वडील पहिल्या एसटीने आले आणि नोटीस बोर्डाखालच्या बाकावर बसून राहिले. मॅनेजरनी त्यांच्यासमोरून जाताना घड्याळात बघितलं. ऑफिस भरलं, आणि एकदम सगळे पडदे गोठले.

मॅनेजर बाहेर आले. "भामरेबाई, नेटवर्क बंद पडलं."

बाई हॉलच्या मधोमध खुर्ची टाकून बसल्या होत्या. मांडीवर पर्स. "पडलं नाही साहेब. मी बंद केलंय. नाव लिहून घ्या, सुरेखा भामरे. केबलीचं टोपण माझ्या पर्समध्ये आहे. नाना इथे येऊन बोलले की लावते."

"बाहेर केळी पिकतायत, बाई."

"एक घड पिकणार नाही. आजच्या कटाईच्या चिठ्ठ्या मी ऑफिस उघडायच्या आत छापून दिल्यात. ट्रक गेलेसुद्धा. बंद आहे ते फक्त तुमचं."

आणि 'तुमचं'मध्ये त्या दिवशी पगारपत्रक होतं. ते छापल्याशिवाय पगार निघणार नव्हता.

मला फोन आला. मी पोचलो तेव्हा मॅनेजर म्हणाले, "चौधरी, दोन मिनिटांत चालू करा. टोपणच तर आहे."

माझ्या बॅगेत तशी दोन टोपणं होती. एक तर वरच्याच कप्प्यात होतं, बॅग हलवली की खुळखुळायचं. मी बॅग पोटाशी घट्ट धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अज्ञानाचा काही उपयोग झाला. "साहेब," मी म्हणालो, "तो पार्ट मुंबईहून मागवावा लागतो." सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला. माझी तेवढी ख्याती होती.

बाईंनी माझ्या बॅगेकडे बघितलं आणि एक फुटाणा तोंडात टाकला.

आता ऑफिसची गंमत बघा. गंमत म्हणतो, पण लिहिताना हात तापतो. सुनंदाला हॉलमध्ये चोर म्हटलं तेव्हा एकही जण खुर्चीवरून उठला नव्हता. मीही नाही. पगारपत्रक अडकलं तसे चार जण स्कूटरी काढून नानांच्या घरी गेले. दुपारी त्यांना घेऊनच आले. ताप नव्हता. होता तो उतरला असावा.

नाना हॉलच्या मध्यभागी, सुनंदाला जिथे उभं केलं होतं तिथे उभे राहिले. टोपी हातात. "फाइल मी कपाटात ठेवली होती," ते म्हणाले. "या पोरीने काही केलं नाही. तिला बोलत होते तेव्हा मला माहीत होतं. मी बसून राहिलो." मग मॅनेजरकडे बघून, "आता लिहा काय ते."

मॅनेजरनी काही लिहिलं नाही. पण एवढ्या लोकांनी ऐकल्यावर बाकावरच्या बापाला परत पाठवणं त्यांनाही जमलं नाही. सुनंदा उठली, आपल्या टेबलाशी गेली, खुर्ची बाहेर ओढून बसली. "मॅडम," तिने विचारलं, "माझा पासवर्ड तोच आहे ना?"

"तोच," बाई म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे बघून, "विद्वान, मुंबईहून आलेला पार्ट लावा."

मी बॅगेतलं टोपण काढून लावलं. सोळा पडदे जिवंत झाले. त्या संध्याकाळी मी सगळ्यांचे अधिकार काढून घेतले, लोकशाही गुंडाळली, आणि कटाईच्या फाइलीची रोज एक प्रत नानांच्या फ्लॉपीत जाईल असा छोटा प्रोग्राम लिहिला. उचलून नाही, नक्कल. नाना निवृत्त होईपर्यंत ती लाल फडक्यात बांधून कपाटात ठेवत.

बाईंना शिक्षा झाली नाही. तसं कागदावर कुठेही नाही. पुढच्या महिन्यात त्यांची बदली झाली, नरडाण्याच्या गोदामात. तिथे कॉम्प्युटर नव्हता. एक टेलिफोन होता, तोही बहुतेक बंद. आदेशात लिहिलं होतं, कामाच्या सोयीसाठी. कोणाच्या सोयीसाठी ते लिहिलं नव्हतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते तिथेच, नरडाणा स्टेशनवर. सुरतेकडून येणाऱ्या गाडीची मी वाट बघत होतो, त्याही. केस बरेच पांढरे झाले होते. पर्स तीच. म्हणाल्या, गोदामात खताच्या गोणींचं वजन भरत नाही आणि सगळे म्हणतात काटा आपोआप हलतो. "महिना झाला शोधतेय. सापडेल." सुनंदाची चौकशी केली. ती कायम झाल्याचं मी सांगितलं. बाईंनी मान हलवली, जणू त्यात सांगण्यासारखं काय आहे.

गाडीचा आवाज आला तशी त्या तिकिटासाठी पर्स उपसू लागल्या. फुटाण्यांची पुडी बाकावर आली. स्क्रू ड्रायव्हर आला. मग तीन पायांचा एक काळा प्लग. आणि त्याच्या शेजारी, अंगठ्याच्या पेराएवढं, अजून चकचकीत असलेलं ते टोपण.

"बाई," मी म्हणालो, "हे अजून तुमच्याकडेच? ऑफिसचं आहे ना ते. परत नाही केलंत?"

त्यांनी तिकीट शोधून काढलं. सगळ्या वस्तू एकेक करून परत आत ठेवल्या. आवाज इतका खाली गेला की मला फलाटावर पुढे वाकावं लागलं.

"कोणी मागितलंच नाही हो. मागायचं तर ते माझ्याकडे का आलं, हे लिहावं लागलं असतं."